मशीन सुस्थितीत आहे

वहिनी: नाही, खुर्ची नको, पाणी नको, काही नको. आधी हे वाचा. मोठ्यानं वाचा.

मिस्त्री: वहिनी, वाचलंय मी ते. माझ्याकडेही प्रत आली आहे.

वहिनी: मोठ्यानं.

मिस्त्री: 'फेरीची होडी धक्क्यावर आदळण्यास चालक जबाबदार आहे. चालकाने घाबरून वेळेवर गिअर बदलला नाही. मशीन सुस्थितीत असल्याचे मिस्त्रीचे पत्र सोबत जोडले आहे. चालकाने आपला परवाना आज सायंकाळी पाचपर्यंत जमा करावा.'

वहिनी: तो मिस्त्री कोण?

मिस्त्री: मी.

वहिनी: आणि चालक कोण?

मिस्त्री: वहिनी, असं काय करताय...

वहिनी: तुमच्या सख्ख्या भावाची बायको! अपघात सोमवारी सकाळी, तुमचं पत्र सोमवारी दुपारी. मधल्या वेळात माझ्या होडीपाशी आलात कधी?

मिस्त्री: आलो नाही.

वहिनी: मग मशीन सुस्थितीत आहे हे दिसलं कुठून? स्वप्नात?

मिस्त्री: अहो, पंधरा दिवसांपूर्वी मीच त्याचं काम केलं होतं ना. पाण्याचा पंप बदलला, पिपात बुडवून चालवून बघितलं, छान धार पडत होती. तपासनीस साहेब इथे दारात उभे राहून म्हणाले, 'काम तुमचं होतं, काही दोष राहिला होता का?' मी म्हटलं, नव्हता. त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली.

वहिनी: मला एक शब्द विचारावासा नाही वाटला?

मिस्त्री: तुम्ही दवाखान्यात होतात. होडीत पडलेल्या काकूंजवळ.

वहिनी: होते. त्यांचा डावा हात धरून बसले होते, कारण उजवा धरण्यासारखा राहिला नव्हता. मनगट दोन ठिकाणी मोडलंय. त्या हातावर पंचवीस वर्षं शिवणयंत्र चाललंय त्यांचं. सहा आठवडे प्लास्टर, पुढे बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. काल भेटायला गेले तर मला म्हणतात, 'घाबरलीस का गं? होतं असं बाईमाणसाचं.' राग करत नव्हत्या, मला समजून घेत होत्या! त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

मिस्त्री: लोक बोलतात. दोन दिवस बोलतील, विसरतील.

वहिनी: लोक काय बोलतात ते राहू द्या. तिकिटाच्या खिडकीवर नोटीस चिकटवलीय. 'चालकाच्या चुकीमुळे फेरी बंद.' सगळा काठ येता-जाता वाचतोय. ज्यांना मी दोन वर्षं या तीरावरून त्या तीरावर नेलं ते माझ्या अंगावरून जाताना मान खाली घालतात. आणि हे सगळं तुमच्या त्या दोन ओळींच्या जोरावर.

मिस्त्री: बरं, मला सांगा. नेमकं काय झालं?

वहिनी: आत्ता विचारताय! ऐका. धक्का चाळीस हात राहिला की मी वेग उतरवते, गिअरची दांडी मध्ये आणते, होडी तिच्या ओघानं येते. दहा हात राहिले की मागचा गिअर, थोडा वेग, की होडी जागच्या जागी उभी. दिवसातून चौदा वेळा करते हे. सोमवारी दांडी मध्ये आणली तरी होडी रांगतच होती. मागे ओढली. टक्कन बसली दांडी, हाताला कळलं. वेग दिला. मशीन ओरडलं, पण मागचं पाणी ढवळलंच नाही! रिव्हर्स पडला की पाणी कसं उकळल्यासारखं होडीखाली येतं, माहीत आहे ना? तसं काही नाही. नुसता आवाज. आणि समोर पायऱ्या.

मिस्त्री: दांडी हळू टाकलीत का? पुष्कळांना सवय असते, बिचकत बिचकत टाकायची. मग आतले दात एकमेकांत नीट...

वहिनी: भावजी, माझा तोल सुटेल हं. मला कुणी शिकवलं गिअर टाकायला?

मिस्त्री: दादानं.

वहिनी: ह्यांनीच. खोकल्यानं बसवत नव्हतं, तरी मागच्या फळीवर आडवे होऊन शिकवायचे. 'एका झटक्यात टाक. दार लावल्यासारखं. गोंजारशील तर दात झिजतील.' मी कधी गोंजारलं नाही. आणि दुसरं. गुरुवारी फोन केला होता मी तुम्हाला.

मिस्त्री: केला होता?

वहिनी: केला होता. म्हटलं, दांडी मध्ये आणली की कर्रकर्र करतंय, पूर्वी करत नव्हतं. काय म्हणालात?

मिस्त्री: आठवत नाही.

वहिनी: मला आठवतंय. 'जरा ठणकावून टाका, वहिनी, ते काही वरणाचं पातेलं नाही.' आणि हसलात. हसलात, भावजी.

मिस्त्री: कामात होतो तेव्हा, वहिनी.

वहिनी: आता पाच वाजेपर्यंत वेळ आहे. चौघांच्या हातापाया पडून होडी ओढून आणलीय, ती बाहेर उतारावर ठोकळ्यांवर उभी आहे. चला. माझ्यासमोर उघडा.

मिस्त्री: हातात दुसरं काम आहे माझ्या.

वहिनी: ते दुसरं काम थांबेल. माझा परवाना थांबणार नाही.

मिस्त्री: बरं. चला. तो पाना द्या तिकडचा. नाही, लहान. हां. किल्ली?

वहिनी: माझ्या खिशात. मशीन बंद पाडायची लाल दोरीही काढून ठेवलीय.

मिस्त्री: प्लगच्या वायरीपण काढतो. होडीच्या मागच्या पंख्याला हात लावायचा तर मशीन चुकूनही फिरता कामा नये. बोटं जातील. आता तुम्ही चालकाच्या जागी बसा. मी मागे पंखा हातानं फिरवून बघतो. दांडी पुढे टाका.

वहिनी: टाकली.

मिस्त्री: अडकला. फिरत नाही. म्हणजे पुढचा गिअर बसतोय, बरोबर. मध्ये आणा.

वहिनी: आणली. ... काय झालं?

मिस्त्री: काही नाही.

वहिनी: तो टकटक आवाज कसला?

मिस्त्री: थोडं टकटकतंय.

वहिनी: दांडी मध्ये असताना टकटकायला हवं?

मिस्त्री: नाही. मोकळा फिरायला हवा.

वहिनी: थांबा, लिहून घेते.

मिस्त्री: लिहायचं काय त्यात?

वहिनी: तुमच्या पत्राला शाई मिळाली ना? माझ्या वहीलाही मिळू दे. पुढे?

मिस्त्री: मागे ओढा. पूर्ण.

वहिनी: ओढली. टक् झालं, ऐकलंत? पूर्ण मागे आहे. येऊन बघा हवं तर.

मिस्त्री: दिसतंय मला.

वहिनी: आणि पंखा?

मिस्त्री: फिरतोय.

वहिनी: किती?

मिस्त्री: मोकळा. छताच्या पंख्यासारखा.

वहिनी: लिहिते. 'दांडी मागे. पंखा मोकळा.' भावजी, आता तुम्हीच सांगा. मी घाबरून ओढली नाही, की ओढली आणि पडला नाही?

मिस्त्री: थांबा, घाई नको. केबल असेल. दांडीपासून मशीनपर्यंत जी केबल येते ती आतून गंजली की पूर्ण सरकत नाही. दांडी मागे गेल्यासारखी वाटते, पण इकडे ओढच पोचत नाही. त्याला तुम्ही काही करू शकत नाही आणि मीही.

वहिनी: म्हणजे कुणाचाच दोष नाही.

मिस्त्री: होतं असं. झाकण काढतो. केबलचं टोक सोडवतो. हं. आता दांडी पुढेमागे करा.

वहिनी: करतेय.

मिस्त्री: ... सरकतेय.

वहिनी: पूर्ण?

मिस्त्री: पूर्ण. लोण्यासारखी सरकतेय.

वहिनी: सरकणारच. दर रविवारी मी स्वतः ग्रीस लावते तिला. तुम्हाला वाटतं मी रविवारी झोपा काढते?

मिस्त्री: मी असं म्हटलं नाही.

वहिनी: म्हणायची गरज काय? सही केलीत ना. पुढे?

मिस्त्री: आता केबलशिवाय बघतो. मशीनवर हा जो आडवा दांडा आहे, तो नुसत्या हातानं ढकलतो. पुढे, बसला. मध्ये, तेच टकटक. मागे... तेच. मोकळा.

वहिनी: म्हणजे दांडी चांगली, केबल चांगली, माझा हात चांगला. दोष इथून खाली.

मिस्त्री: खाली गिअरबॉक्समध्ये. दात झिजले असतील. वर्षानुवर्षं कुणी गिअर अर्धवट टाकत राहिलं की...

वहिनी: परत आलात माझ्यावर! अहो, साप साप म्हणून किती भुई धोपटाल? झिजलेत ना? मग दाखवा झिजलेले. उघडा.

मिस्त्री: तेल काढून बघू. दात झिजले असले तर तेलात चुरा येतो. ती चरवी खाली धरा. बूच सोडतोय. ... आलं.

वहिनी: रंग तर चांगला दिसतोय.

मिस्त्री: चांगला आहे. पाणी शिरलं असतं तर दुधासारखं झालं असतं. बुचाच्या टोकाला चुंबक असतो, त्यावर...

वहिनी: त्यावर काय?

मिस्त्री: काही नाही. बोटाला लागेल एवढी राख. एवढी नवीन मशीनलाही असते.

वहिनी: म्हणजे दात झिजलेले नाहीत.

मिस्त्री: नाहीत.

वहिनी: मी झिजवलेले नाहीत.

मिस्त्री: नाही, वहिनी. तुम्ही झिजवलेले नाहीत.

वहिनी: लिहिते. जरा सावकाश बोला, अक्षर चांगलं यायला हवं. ... काय झालं? असे उभे का राहिलात?

मिस्त्री: एक जागा राहिली बघायची.

वहिनी: मग बघा.

मिस्त्री: बघतो. ... तुम्ही जरा घोटभर पाणी आणता का आतून? माठ दाराशी आहे.

वहिनी: मघाशी मी पाणी नको म्हटलं तेव्हा तुम्हाला तहान नव्हती. मी इथेच उभी आहे.

मिस्त्री: हे रबराचं बूच काढतो. बॅटरी धरा. इथे. जरा वर.

वहिनी: दिसतंय काही?

मिस्त्री: बॅटरी स्थिर धरा.

वहिनी: भावजी?

मिस्त्री: दिसतंय.

वहिनी: काय?

मिस्त्री: थांबा, पाना द्या. दोन मिनिटांचं काम आहे. ठीक करून टाकतो.

वहिनी: हात लावू नका!

मिस्त्री: अहो, ओरडताय कशाला?

वहिनी: पाना खाली ठेवा. आधी ठेवा. ठीक करून मग काय सांगणार साहेबांना? की बिघाड नव्हताच? पंखा छान चालतोय, मशीन सुस्थितीत आहे? काय दिसलं ते आधी तोंडानं सांगा. मला कळेल असं.

मिस्त्री: वरून एक सळई येते. खालून एक. मध्ये हा लांब नट दोघींना जोडतो. पंप बदलायचा तर मशीनचा खालचा भाग उतरवावा लागतो, म्हणून ही जोड सोडवावी लागते. परत जोडताना वरचा गिअर मध्ये, खालचा गिअर मध्ये, असं धरून नट मोजून फिरवायचा असतो. कमी फिरवला तर वरचं आणि खालचं जुळत नाही.

वहिनी: आणि हा?

मिस्त्री: कमी फिरवलाय. म्हणून वर दांडी मध्ये आणली तरी खाली गिअर थोडा पुढेच अडकून राहतो. ते कर्रकर्र त्याचंच. आणि वर दांडी पूर्ण मागे ओढली की खाली तो मध्यापुढे केसभरच सरकतो; इतके दिवस तेवढ्या टोकानं पकडत होता, सोमवारी तेही सुटलं.

वहिनी: म्हणजे सोमवारी मी रिव्हर्स टाकला...

मिस्त्री: तुम्ही टाकलात. तो पडला नाही. तुमच्या हातात काही नव्हतंच.

वहिनी: हा नट शेवटचा कुणी फिरवला?

मिस्त्री: मी.

वहिनी: मोजला नाहीत?

मिस्त्री: नजरेनं लावला. एवढी वर्षं लावतोय, वाटलं बसला. मग पिपात मशीन चालवून पाण्याची धार तेवढी बघितली. पंपाचं काम होतं, पंप बघितला. रिव्हर्स टाकून बघितलाच नाही. त्या दिवशी तीन मशीन ओळीत होती.

वहिनी: घाई तुम्ही केलीत. आणि घाबरले मी!

मिस्त्री: वहिनी, माझं ऐकून घ्या.

वहिनी: पंधरा दिवस मी त्या होडीत माणसं घेऊन फिरत होते. पोरं, म्हातारी, पोटुशी बायका. फोन केला तर हसलात. होडी आपटली तर न बघता सही केलीत. आणि आत्ता, आत्तासुद्धा, मला पाणी आणायला पाठवत होतात!

मिस्त्री: हो.

वहिनी: कशाला?

मिस्त्री: तुम्ही आत जाऊन येईपर्यंत नट फिरवून झाला असता.

वहिनी: वा! खरं तरी बोललात.

मिस्त्री: आता शांतपणे ऐका. साहेब पाचला इथे येणार आहेत, माझ्या पत्राची दुसरी प्रत न्यायला. आपण म्हणू, धडकेनं जोड सरकली. कुणाला कळणार नाही. नाहीतर असं म्हणू, आधीपासून सरकत आली होती, कुणाच्या लक्षात आली नाही. तुमचाही दोष नाही, माझाही नाही. साप मरेल, काठी मोडणार नाही.

वहिनी: आणि ही काठी मोडली नाही तर उद्या दुसऱ्याच्या होडीचा नट कोण मोजणार?

मिस्त्री: मी मोजीन. शपथ घेतो.

वहिनी: मोजाल. भीती आहे तोवर मोजाल.

मिस्त्री: मंजूर मिस्त्र्यांच्या यादीत या काठावर माझं एकट्याचं नाव आहे. ते गेलं की फेरीबोटींना हात लावता येणार नाही मला. वीस वर्षं लागली ते नाव लागायला.

वहिनी: माझंही एक नाव होतं. सोमवारी सकाळपर्यंत. एक विचारते. खरं सांगा, मी परत विचारणार नाही. सही करताना तुम्हाला मनापासून वाटलं होतं का, मी घाबरले म्हणून?

मिस्त्री: वाटलं होतं.

वहिनी: हं.

मिस्त्री: मानून घ्यायला सोपं होतं ते. दादा गेल्यावर मी म्हटलं होतं, होडी विकून टाका, तुम्हाला झेपणार नाही. तुम्ही परीक्षा दिलीत, परवाना काढलात, दोन वर्षं एक ओरखडा नाही. मग सोमवारी आवाज आला. मी इथूनच ऐकला. लोक पळाले. माझ्या मनात पहिलं काय आलं माहीत आहे? 'बघा, म्हटलं नव्हतं?' येऊन मशीन बघितलं असतं तर कळलं असतं. म्हणून आलो नाही. आता चिडा हवं तेवढं.

वहिनी: चिडायला वेळ नाही. ते बघा, साहेब आले. पाच वाजायच्या आधीच.

तपासनीस: कोण, बाई इथेच आहेत? बरं झालं, कचेरीची खेप वाचली. परवाना द्या.

वहिनी: साहेब, परवाना माझ्या पिशवीत आहे. देण्याआधी पाच मिनिटं इथे उभे राहा.

तपासनीस: बाई, अहवाल वर गेलेला आहे. तुमचं काही म्हणणं असेल तर साध्या कागदावर अर्ज करा, तीस दिवसांच्या आत.

वहिनी: परवाना देताना तुमच्या कचेरीनं माझ्या तीन परीक्षा घेतल्या. एक पोहण्याची, एक कागदावरची, एक वाऱ्यात होडी धक्क्याला लावायची. काढून घेताना एकसुद्धा घेतली नाहीत. या मशीनचं झाकण तरी उघडलंत?

तपासनीस: मंजूर मिस्त्रीचं पत्र असताना सदर तपासणीची गरज नसते. नियम आहे.

वहिनी: मग नियम बाजूला ठेवून हात पुढे करा. हा पंखा. भिऊ नका, वायरी काढल्यात, किल्ली खिशात आहे. मशीनवरचा हा आडवा दांडा कुठे आहे ते आधी बघून घ्या.

तपासनीस: मागे आहे.

वहिनी: पूर्ण मागे?

तपासनीस: पूर्ण.

वहिनी: म्हणजे रिव्हर्स. रिव्हर्समध्ये पंखा हातानं फिरायला हवा का?

तपासनीस: नको फिरायला.

वहिनी: फिरवा.

तपासनीस: ... फिरतोय.

वहिनी: सोमवारीही असाच फिरत होता. आता सांगा, कोण घाबरलं?

तपासनीस: हे बघा, बाई, आवाज चढवू नका. याचा अर्थ एवढाच की आत्ता बिघाड आहे. होडी आपटल्यावर बिघाड होणारच. धडकेआधी तो होता, याला पुरावा काय? काय मिस्त्री? धडकेनं आतली जोड सरकू शकते, नाही का?

मिस्त्री: ...

तपासनीस: मिस्त्री, तुम्हाला विचारतोय. तसं असेल तर मी तशी नोंद करतो. बाईंचाही प्रश्न मिटेल, हळूहळू.

वहिनी: विचारताहेत तुम्हाला, भावजी.

मिस्त्री: साहेब, इकडे या. वाका जरा. ही बॅटरी धरा. तो नट दिसतोय?

तपासनीस: दिसतोय.

मिस्त्री: त्याच्याखाली दुसरा पातळ नट आहे, तो पहिल्याला जागेवर धरून ठेवतो. हा पाना घ्या, सोडवून बघा. जोर लावा.

तपासनीस: हलत नाही.

मिस्त्री: घट्ट आहे. धडकेनं नट ढिला होतो, साहेब. चुकीच्या जागी घट्ट होत नाही. तो कुणीतरी आवळावा लागतो.

तपासनीस: कुणी आवळला?

मिस्त्री: मी. पंधरा दिवसांपूर्वी. न मोजता.

तपासनीस: तुम्ही लेखी दिलंय की मशीन सुस्थितीत होतं.

मिस्त्री: दिलंय. न बघता दिलंय.

तपासनीस: म्हणजे खोटं पत्र. मिस्त्री, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? यादीतून नाव जाईल. वर्षभर तर नक्की. मी पाठीशी घालू शकणार नाही.

मिस्त्री: घालू नका. कागद आहे का तुमच्याकडे? नाहीतर वहिनींच्या वहीतलं पान फाडतो.

वहिनी: फाडायला कशाला? मागच्या बाजूला लिहा. पुढच्या बाजूला सगळं क्रमानं उतरवलंय मी.

मिस्त्री: 'दांडी, केबल आणि चालकाचा हात यांत दोष नाही. गिअरच्या सळईची जोड मी चुकीची बसवली. त्यामुळे रिव्हर्स पडला नाही. चालकाने गुरुवारी तक्रार केली होती, ती मी ऐकली नाही. सोमवारचं पत्र मी मशीन न पाहता दिलं, ते मागे घेतो.' सही. तारीख. घ्या.

तपासनीस: एवढं सगळं लिहायची गरज नव्हती. तक्रारीचं वगैरे.

मिस्त्री: होती.

तपासनीस: बरं. मी फेरतपासणीची नोंद करतो. परवाना तूर्त तुमच्याकडेच ठेवा, बाई. पण वरून आदेश येईपर्यंत प्रवासी घ्यायचे नाहीत. आठवडा तरी लागेल.

वहिनी: आणि खिडकीवरची नोटीस?

तपासनीस: ती आदेश आल्यावर निघेल.

वहिनी: चिकटवताना कुठला आदेश आला होता?

तपासनीस: तसा... तेव्हा मी तोंडी सांगितलं होतं.

वहिनी: मग काढायलाही तोंड आहेच. साहेब, त्यांनी न बघता लिहिलं, तुम्ही न बघता वर पाठवलं. त्यांनी निदान कबूल तरी केलं. तुमच्याकडून मला दुसरं काही नको. तो कागद तेवढा उतरवा, आज, माणसं येण्याजाण्याच्या वेळेला. लोकांना दिसायला हवं, तो निघाला म्हणून.

तपासनीस: जाताना काढतो.

वहिनी: स्वतः?

तपासनीस: स्वतः. येतो मी. आणि हे मशीन दुरुस्त झालं की रिकामी होडी चालवून बघायला माझी हरकत नाही.

मिस्त्री: गेले.

वहिनी: हं.

मिस्त्री: आता पाना घेऊ हातात?

वहिनी: घ्या. आणि मोठ्यानं मोजा. मला ऐकू येईल असं.

मिस्त्री: वर मध्ये. खाली मध्ये. पंखा मोकळा. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. आता हा खालचा नट आवळला. केबल जोडली. दांडी मागे ओढा, वहिनी.

वहिनी: ओढली.

मिस्त्री: अडकला. या, स्वतः हात लावून बघा.

वहिनी: ... हो. अडकला.

मिस्त्री: तेल भरतो. काकूंकडे संध्याकाळी मी जाईन म्हणतो.

वहिनी: जा. मी बरोबर येणार नाही. एकट्यानं जा, आणि तिथे सळया-नट असलं काही सांगत बसू नका. त्यांना त्यातलं कळत नाही. कुणामुळे पडल्या तेवढं सांगा.

मिस्त्री: सांगतो. वहिनी, मला माफ...

वहिनी: नको. आत्ता नको. मी 'असू दे' म्हणून टाकेन, आणि मला तसं म्हणायचं नाही. तेल भरा.

(तासाभरानं. होडी पाण्यात, धक्क्याकडे येते आहे. वहिनी चालकाच्या जागी, मिस्त्री पुढच्या फळीवर.)

मिस्त्री: माझं ऐका, आधी पाण्याच्या मध्यावर बघू. तिथे दोनतीनदा रिव्हर्स टाकून बघा, मग धक्का. पायऱ्यांवर माणसं उभी आहेत.

वहिनी: मध्यावर कशाला? मध्यावर काय आदळणार?

मिस्त्री: म्हणूनच म्हणतो.

वहिनी: नट मोजलात ना?

मिस्त्री: मोजला.

वहिनी: मग बसा. तुम्ही आजवर या होडीत बसून तिकडे गेला आहात का हो, माझ्यासोबत?

मिस्त्री: नाही. दादाबरोबर पुष्कळदा. तुमच्याबरोबर नाही.

वहिनी: दोन वर्षांत एकदाही नाही. पूल लांब पडतो तरी पुलावरून जायचात. मला दिसायचं इथून. ... चाळीस हात. वेग उतरवला. दांडी मध्ये. कर्रकर्र नाही.

मिस्त्री: नाही.

वहिनी: रांगत नाही. ओघानं चाललीय. पंचवीस. बोलू नका आता.

मिस्त्री: वहिनी, पायऱ्या...

वहिनी: दिसतात मला. पंधरा.

मिस्त्री: वहिनी!

वहिनी: दहा. हा घ्या रिव्हर्स. पाणी बघा मागचं. कसं उकळतंय.

मिस्त्री: ...

वहिनी: कड सोडा, भावजी. थांबलीय होडी.